सरळ केलेलं नाणं

बेथर्सडेन, केंट
१४ सप्टेंबर

एझ्रा बाळा,

तुला एक आजी होती. बुटकी, डाव्या डोळ्यानं जरा तिरकं बघणारी, चहात चार चमचे साखर घालणारी. आठवते का बघ. ती अजून आहे. तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा शेंगांतला मटार ओला होता; आता सफरचंदं पडायला लागली. मधल्या काळात मी मेले असते तर तुला कळलं कसं असतं, हा प्रश्न मला पडतो. मी मेल्यावर तुला पत्र कोण सांगणार, हा शेजारच्या मिसेस हॉगबेनना पडतो.

लिहितायत त्याच. मी बोलते, त्या लिहितात, आणि त्यांना पसंत नसलेले माझे शब्द गाळतात. (फक्त अगदीच वाईट असतील ते. – आयव्ही हॉगबेन) तू फोन कर म्हणतोस, पण फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र कसं, घड्याळामागे ठेवता येतं, आणि दुपारी कंटाळा आला की शेजारी हाक मारून पुन्हा वाचून घेता येतं. आम्ही भटके जिप्सी, आमच्या घोडागाड्या कुठल्याच गावात मुक्कामाला टिकल्या नाहीत, त्यामुळे शाळेला मी कधी सापडले नाही. त्याचं मला काही वाटत नाही. पण नातवाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, तर निदान भरपूर तरी असावं.

आता मुद्द्याचं. तुझी बायको, कॅरोल, सोडून गेल्याला चार वर्षं झाली. तू तिकडे लिंकनशरमध्ये लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करतोस, आणि दोन वर्षांपासून रविवारी कानाला डबडी लावून, हातात ते मातीतला धातू हुडकायचं डिटेक्टर का काय ते घेऊन, दुसऱ्याच्या शेतात झाडू मारल्यासारखा फिरतोस. फीर बापडा. तुझे आजोबा रविवारी दारू प्यायचे, त्यापेक्षा हे स्वस्त. पण मटाराच्या दिवसांतल्या त्या पत्रात सगळीकडे 'आम्ही' होतं. 'आम्ही चहा प्यायलो. आम्हाला बाटल्यांची बुचं सापडली.' एकटा माणूस स्वतःला आम्ही म्हणत नाही, एक राजा सोडून. तू राजा झाला असलास तर तसं कळव.

बाकीच्या काळज्या मी देऊन टाकल्यात. एकच ठेवलीय. तू डब्यातलं गार घास घास खात एकटाच म्हातारा होशील, ही. तिचं काय ते लवकर बघ.

आजी
(फुली त्यांची, बाकी अक्षर माझं. – आ. हॉ.)


लाउथ, लिंकनशर
२१ सप्टेंबर

आजी,

चुकलो. सुगीत एकाही शेतकऱ्याचं यंत्र नीट चालत नाही, आणि सगळ्यांना मी त्याच दिवशी हवा असतो. आता गहू निघालाय, धसकटं मोकळी आहेत, पुढची पेरणी होईपर्यंत आमचे हेच दिवस.

'आमचे' लिहिलं खरं. तर सांगतो. तिचं नाव टॅम्सिन ऑडलिंग. ती लाउथची खेडोपाड्यांना जाणारी बस चालवते. आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबमध्ये ती फार जुनी आहे, मी नवखा. यंत्रात लोखंड कसं खेकसतं आणि चांदी कशी गाते, हे कान पिळून तिनंच मला शिकवलं. मिस्टर ब्लँचर्डच्या शेतात जायची परवानगीही तिच्यामुळे मिळाली. म्हाताऱ्यानं पंधरा वर्षांत कुणाला फाटकाच्या आत घेतलं नव्हतं; ती त्याच्या बहिणीला बसमधून दारापर्यंत सोडते, म्हणून आम्हाला घेतलं. कागद नाही, काही नाही. त्यानं हातावर थुंकल्यासारखं केलं आणि हात पुढे केला. 'जे निघेल ते अर्धं माझं, अर्धं तुमचं. खड्डे बुजवा. माझ्या मेंढ्यांशी बोलू नका.' एवढाच करार.

आणि आजी, त्याच शेतात मला माझं आजवरचं सगळ्यात चांगलं नाणं मिळालं. चांदीचं सिक्सपेन्स, विल्यम राजाच्या वेळचं, तीनशे वर्षांपूर्वीचं. कुणाच्या तरी खिशातून अगदी नवं असतानाच पडलं असणार, कारण राजाच्या केसांची बट न् बट दिसते. क्लबनं ते या वर्षाचं सर्वोत्तम म्हणून निवडलं. सापडलेल्या जुन्या वस्तूंची सरकारी नोंद ठेवणाऱ्या बाईंनी फोटो काढून नोंद केली. मी ते नाण्यांच्या वहीच्या पहिल्याच खणात ठेवलंय आणि जेवताना उघडून बघतो. हसू नकोस.

टॅम्सिन चांगली मैत्रीण आहे. तेवढंच. हे वाक्य मिसेस हॉगबेननी दोनदा वाचून दाखवावं.

एझ्रा


बेथर्सडेन
२८ सप्टेंबर

एझ्रा बाळा,

दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मिसेस हॉगबेन स्वतःच हसल्या. (खोकले. – आ. हॉ.)

जेवताना राजाचं तोंड बघत बसतोस हे वाचून मला बरं वाटलं नाही. समोर बघायला तोंडच हवं तर बोलणारं बघ. बस चालवणारी बाई म्हणजे चांगलं. वेळेवर येईल, आणि अर्ध्या वाटेत कुणाला उतरवणार नाही. माझे तीन प्रश्न आहेत. ती तोंड उघडून हसते की दाबून? आपल्या डब्यातलं तुला देते की तुझ्या डब्यातलं खाते? आणि आपण कोण, कुठल्या गाड्यांवरचे, हे तू तिला सांगितलंयस का? काही जणी ते ऐकून पर्स जवळ ओढतात. ओढली असेल तर मला लिहू नकोस, मी तिच्यावर वाया घालवलेला हा कागद विसरून जाईन.

मिसेस हॉगबेन दहा तारखेपासून डीलला लेकीकडे जाणार आहेत. बाळंतपण आहे. तोवर उत्तर पाठव.

आजी


लाउथ
१३ ऑक्टोबर

आजी,

उशीर झाला. मिसेस हॉगबेन परत आल्या की हे वाचून घे.

उत्तरं: तोंड उघडून हसते, दाढा दिसतात. डबा एकच असतो, तिचाच, त्यात दोघांचं असतं. आणि हो, सांगितलं. तुझ्या गाडीबद्दल, बिअरसाठीची हॉपची फुलं तोडायला जायचात त्याबद्दल, सगळं. तिनं फक्त एवढंच विचारलं, 'आजी अजून आहेत? मग त्यांना कधी भेटायचं?' मी म्हटलं, बघू.

गेल्या रविवारी एक मजा झाली. ब्लँचर्डच्या शेतात दुसऱ्या दिवशी पेरणी, म्हणून आम्ही शेवटचे हात मारत होतो. टॅम्सिनला एक सिक्सपेन्स लागलं. माझ्यासारखंच, पण झिजून पार गुळगुळीत, आणि दोन ठिकाणी वाकलेलं. एकदा वर, एकदा खाली, वळवळणाऱ्या अळीसारखं. नांगराच्या फाळात आलं असणार. ती कितीतरी वेळ ते बघत उभी राहिली. मग माझा हातमोजा ओढून काढला, ते माझ्या तळहातावर ठेवलं, वरून माझी बोटं मिटली आणि म्हणाली, 'हे तुझ्याकडेच राहू दे.' मी म्हटलं, 'बरं.' मग वाऱ्यानं नाक लाल झाल्यासारखं झालं तिचं, आणि मेंढ्यांच्या बाजूला चालायला लागली.

तिला माझ्या हातचं काम ठाऊक आहे. तिच्या डिटेक्टरची मोडकी दांडी मीच जोडली. तर मी ते नाणं दुरुस्त करतोय. हलक्या आचेवर जरासं तापवायचं, थंड होऊ द्यायचं, दोन लाकडी ठोकळ्यांत धरून हलके दाबायचं. घाई केली तर तडकतं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. घासत नाही हं. जुनं नाणं घासायचं नसतं हे तिनंच शिकवलंय. पुढच्या शनिवारी तिचा वाढदिवस. तेव्हा छोट्या डबीत घालून देईन. आजी, ते कधी वाकलं होतं हे कुणाला ओळखू येणार नाही, इतकं साफ होत आलंय.

एझ्रा


लाउथ
६ नोव्हेंबर

आजी,

तुझं पत्र नाही. बरी आहेस ना?

इकडे काही विशेष नाही. नाणं दिलं. टॅम्सिननं डबी उघडली, खिडकीपाशी नेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं. म्हणाली, 'फार नीट काम केलंस, एझ्रा.' मग डबी खिशात टाकली. केक कापला होता, तो खाल्ला नाही. उद्या पहाटेची पाळी आहे म्हणाली.

त्यानंतरचे दोन्ही रविवार ती आली नाही. पहिल्यांदा बसचं काम निघालं म्हणाली, दुसऱ्यांदा पाऊस आहे म्हणाली. पाऊस नव्हता. मी ब्लँचर्डच्या ओढ्याकाठच्या कुरणात एकटाच फिरलो. शिसं, खिळे आणि एक चमचा. म्हाताऱ्यानं फाटकावरून विचारलं, 'ती कुठाय?' मी म्हटलं, 'काम आहे.' तर म्हणाला, 'तिला काम आहे आणि तुला नाही, असं दिसतंय.'

मी काहीतरी केलंय आणि मला ते दिसत नाहीये. यंत्र बिघडलं की निदान आवाज करतं. तशी मला फार काळजी वाटत नाहीये. पण कालपासून वही उघडली नाही.

एझ्रा


बेथर्सडेन
११ नोव्हेंबर

अरे एझ्रा,

मिसेस हॉगबेन काल आल्या. बाळंतपण लांबलं, मुलगी झाली, नऊ पौंडांची, तिचं वर्णन मी अख्खी दुपार ऐकलं आणि मग त्यांच्या हातात तुझी दोन्ही पाकिटं ठेवली. पहिलं इतके दिवस घड्याळामागेच होतं. पोस्टमन म्हणाला होता, 'देतो वाचून.' मी म्हटलं, माझ्या नातवाच्या घरात मी कुणालाही घुसू देत नाही. आता वाटतं, दिलं असतं तर एक शहाणपण वेळेवर पोचलं असतं.

पहिलं पत्र वाचताना मिसेस हॉगबेन त्या 'ठोकळ्यां'पाशी आल्या आणि त्यांनी चष्मा काढला. मला म्हणाल्या, 'जेंटी, यानं सरळ केलं का हो ते?' मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे तू सरळ केलंच होतंस.

नीट ऐक. नांगर नाणं वाकवतो, पण एकदाच. एकदा वर नि एकदा खाली असं वाकवायला माणसाचे दात लागतात. जुन्या काळी पोराचं पोरीवर मन बसलं की तो चांदीचं नाणं असं दोनदा वाकवायचा आणि तिला द्यायचा. वाकवायचं अशासाठी की ते पुन्हा बाजारात चालू नये. दिलं ते दिलं. तिनं ठेवून घेतलं तर हो. नको असेल तर परत करायची, नाहीतर रागानं शेतात भिरकावून द्यायची. म्हणून तर तुम्हाला ती शेतात मिळतात. माझ्या आजीकडे एक होतं, गळ्यात घालायची. तुझ्या आजोबांनी मला नाणं दिलं नाही. त्यांनी घोडी दिली, आणि ती लंगडी निघाली. पण मी ठेवून घेतली.

ती मुलगी तुझ्या क्लबात इतकी जुनी. तिला हे ठाऊक नसेल? तिनं विचार केला, हा गडी तोंड उघडणार नाही, तर आपणच रीत उलटी करू. हातमोजा काढला. हातात ठेवलं. बोटं मिटली. आता आणखी काय ढोल वाजवायचा होता? आणि तू काय केलंस? तिचं मागणं घरी नेलंस, रोज थोडं थोडं तापवलंस, सपाट केलंस, डबीत घातलंस आणि तिच्या वाढदिवसाला तिला परत केलंस. नकार द्यायला लोक एक वाक्य वापरतात. तू दोन आठवडे खपलास.

तुला हे ठाऊक कसं नाही, हे मला कळत नाही. मिसेस हॉगबेननासुद्धा ठाऊक आहे. (माझ्या आईकडे होतं. – आ. हॉ.)

आता काय करायचं ते सांगते. ते नाणं पुन्हा वाकवायला मागू नकोस. चांदी दमलेली असते, दोन तुकडे होतील, आणि तसंही ते आता तिचं नाही नि तुझंही नाही. पत्रानं समजावत बसू नकोस. तुझी पत्रं मी ऐकलीयत. तुझं स्वतःचं एक नाणं घे, ते वाकव, आणि जाऊन दे. कुठलंही नको. ज्याच्याकडे बघत जेवतोस ते. जे द्यायला जिवावर येत नाही ते नुसतं वाकडं नाणं असतं.

यंत्र चालत नसलं की तुला चैन पडत नाही, हे मला माहीत आहे. पण सगळं वाकडं बिघडलेलं नसतं रे. माझा डोळा बघ.

आजी


लाउथ
१९ नोव्हेंबर

आजी,

तुझं पत्र मी गॅरेजमध्ये उभ्यानं वाचलं. मग एका ट्रॅक्टरखाली जाऊन पडलो, कुणी तोंड बघू नये म्हणून.

गेल्या हिवाळ्यात क्लबमध्ये याच नाण्यांवर व्याख्यान झालं होतं. टॅम्सिननं माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. मी आत नव्हतो. हॉलचा हीटर बंद पडला होता, मी मागे बसून तो दुरुस्त करत होतो. तिला वाटलं असणार, मी दारातून ऐकतोय. मी हीटर ऐकत होतो.

पहिले दोन दिवस मी वहीच उघडली नाही. मग उघडली. आजी, ते नाणं तीनशे वर्षं जमिनीत राहून वाकलं नाही. क्लबमधले लोक ते नुसतं बघायला येतात. मी ते बोटांत धरलं आणि मला जमेना. मग लक्षात आलं की ते पूर्ण माझं नाहीच, अर्धं ब्लँचर्डचं आहे. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. म्हटलं, तो नाही म्हणेल आणि सुटलो.

गेलो. तो मेंढ्यांच्या खुरांची कामं करत होता. सगळं सांगितलं, नाव घेतलं नाही.

तो म्हणाला, 'बसवालीसाठी?'

मी म्हटलं, 'हो.'

'गेल्या महिन्यात माझी बहीण बसमध्ये बसली तर ती दोन थांबे विसरली. मला वाटलं, आजारी आहे.' त्यानं एका मेंढीचा पाय सोडला, दुसरा धरला. 'वाकवून काय होईल त्याचं?'

'विकायला गेलं तर काही येणार नाही.'

'आणि ती नाही म्हणाली तर?'

'तर तुमचं अर्धं नाणं उगीच गेलं.'

त्यानं हातातला पाय तासून सोडला. मग म्हणाला, 'माझं अर्धं वाकव तू. माझी हरकत नाही. तुझ्या अर्ध्याचं तू बघ. आणि तो पाय धर, आलायस तर.'

उरलेल्या सगळ्या मेंढ्यांचे पाय धरून आलो. नोंद आणि फोटो आधीच झालेले आहेत, त्यामुळे ज्यांना राजा बघायचाय त्यांना तो बघता येईल. शुक्रवारी वाकवतो. तापवणार नाही. शनिवारी बाजाराच्या दिवशी ती लाउथहून सुटणारी दुपारची बस चालवते, तिथं जातो. ती घरी मला दार उघडेल की नाही माहीत नाही, पण बसचं दार तिला उघडावंच लागतं.

एझ्रा


बेथर्सडेन
३ डिसेंबर

एझ्रा,

शनिवार होऊन गेला. पुढचाही गेला. पोस्टमन आता माझ्या दारावरून मान खाली घालून जातो.

मी काही म्हणत नाही. मिसेस हॉगबेननी मात्र केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं आणि दोघींनी तो संपवला. मी त्यांना म्हटलं, पोराला भरीस घातलं मी, इतकं चांगलं नाणं वाया घालवलं, आणि वर त्याचं हसंही झालं असेल. त्या म्हणाल्या, हे लिहू का? मी म्हटलं, लिहा.

नाही म्हणाली असेल तर तसं दोन शब्दांत लिही आणि सरळ इकडे ये. माझ्याकडे कोळसा आहे, डुकराच्या मांसाचं पुडिंग आहे, आणि गप्प बसायला जागा आहे. माझं तोंड मी बंद ठेवीन. दोन दिवस तरी.

आजी


लाउथ
७ डिसेंबर

मिसेस रिप्ली,

आपली ओळख नाही. मी टॅम्सिन ऑडलिंग, बस चालवणारी. एझ्रा लिहितो लिहितो म्हणतोय पण त्याचा गाल भोपळ्यासारखा सुजलाय आणि तो गोळ्या घेऊन झोपलेला असतो. तुमचं परवाचं पत्र त्यानं मला वाचायला दिलं. मीठ घातलेल्या केकचं ऐकून मला राहवेना, म्हणून मीच बसले लिहायला.

गाल कशानं सुजला ते आधी सांगते. नाणं दातांनी वाकवायचं असतं असं तुम्ही कळवलंत. एरवी हा माणूस कुणाचं ऐकत नाही. पहिलं वळण अंगठ्यांनी जमलं, दुसऱ्याला त्यानं दात लावला. नाण्याच्या कडेला बारीक चीर गेली आणि त्याच्या दाढेचा कोपरा उडाला. डॉक्टरकडे जायचं सोडून तसाच दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर आला.

बस भरलेली. बाजाराचा दिवस, प्रत्येकीच्या मांडीवर पिशव्या. मी तिकिटं देत होते. रांगेत शेवटी हा, टोपी हातात, एक गाल वर आलेला. मी ठरवलं होतं की 'कुठपर्यंत' एवढंच विचारायचं, दुसरं एक अक्षर बोलायचं नाही. तर त्यानं पैसे ठेवायच्या वाटीत ते नाणं ठेवलं.

मिसेस रिप्ली, ते नाणं मी ओळखते. ते मातीतून वर आलं तेव्हा मी त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्या दिवशी तो लहान मुलासारखा माझ्याकडे बघत होता. आणि ते आता वाटीत पडलं होतं, एकदा वर, एकदा खाली.

मी म्हटलं, 'हे काय केलंस तू?'

तो म्हणाला, 'मी त्या दिवशी हीटर दुरुस्त करत होतो.' दाढेमुळे तेही धड कळलं नाही.

मागून ब्लँचर्डची बहीण ओरडली, 'अगं, चालत नसेल त्याचं नाणं तर मी भरते तिकीट, पण गाडी हलव. माझे मासे उन्हात नाहीत म्हणून काय झालं.'

मी म्हटलं, 'चालतं त्याचं नाणं.' आणि मी ते खिशात टाकलं. तिकीट द्यायचं राहूनच गेलं. तो माझ्या मागच्या सीटवर बसला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत आला. तिथून परत आला. मग पुन्हा आला. संध्याकाळी मी त्याला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, पण दाढेत पू झाला, म्हणून सूज अजून आहे.

एक कबूल करते. मला फार राग आला होता. मला आधी एकदोघांनी नाही म्हटलेलं आहे, पण इतक्या सुबक रीतीनं कुणी म्हटलं नव्हतं. डबीत कापूससुद्धा घातला होता त्यानं. मी चार आठवडे ते सपाट नाणं उशाशी ठेवून विचार करत होते की हा माणूस इतका सभ्य असावा का, की नकारसुद्धा ठोकून ठोकून गुळगुळीत करून द्यावा. त्याला रीतच ठाऊक नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या क्लबमध्ये ते कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

आता दोन्ही नाणी माझ्याकडे आहेत. क्लबमध्ये त्यानं वाकवल्याची बातमी गेली. निम्मे लोक त्याच्याशी बोलत नाहीत. उरलेल्या निम्म्यांच्या बायकांनी त्याला जेवायला बोलावलंय.

ख्रिसमसला आम्ही तुमच्याकडे येऊ का? तो म्हणतो, 'बघू.' म्हणून तुम्हालाच विचारते.

टॅम्सिन


बेथर्सडेन
११ डिसेंबर

टॅम्सिन पोरी, आणि झोपला नसेल तर एझ्रा,

दाताबद्दल वाईट वाटलं. मी अंगठेच सुचवणार होते, पण दात म्हणायला बरं वाटतं. सांगितलेलं सगळंच करायचं नसतं, हे या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच लागू पडलं, त्याला मी काय करू?

तुझं पत्र मिसेस हॉगबेननी पहिल्यांदा वाचलं, मग मासे आले तिथून दुसऱ्यांदा वाचलं, आणि मग आम्ही त्या नाण्यापाशी थांबून चहा केला. तू नीट लिहितेस. तो कधी असं लिहीत नाही. त्याच्या पत्रात सगळं असतं, फक्त जे घडलं ते नसतं. इथून पुढे तू लिही. तो पाकिटाला गोंद लावील.

ख्रिसमसला यायचं. त्याला 'बघू' म्हणू दे, त्याचे आजोबाही सगळ्याला बघू म्हणायचे, आणि मग गाडीला घोडा जुंपून दारात उभे असायचे. माझ्याकडे एकच जादा खाट आहे, तिच्यावर तू. तो मिसेस हॉगबेनच्या बाकावर झोपेल. (माझ्या बाकाचे पाय आधीच हलतात. त्यांना हात लावायचा नाही, असं त्याला सांगा. – आ. हॉ.) तुझा ब्लँचर्ड येतो म्हणाला तर आण. त्याचं अर्धं नाणं आता परत येत नाही, हे खरं, पण त्या अर्ध्यापोटी एक पुडिंग मी त्याला लागते.

आणि एकटेपणाची जी काळजी मी ठेवली होती, ती मी आज परत करतेय. घरात जागा झाली. आता काही दिवस बिनकाळजीची बसून बघते, जमतं का.

आता पाठवायचं ते ऐक. लिंकनशरचा मनुकांचा पाव, दोन. तू भाजलेला पाठव. त्याचा नको, तो विटेच्या वजनाचा होतो. हॅसलेटची, म्हणजे तुमच्याकडच्या त्या डुकराच्या खिम्याच्या भाजलेल्या वडीची, एक लादी, सेजचा पाला सढळ हातानं घातलेली, कापून नको, अख्खी. वर तुमच्या पिकलेल्या चीजचा तुकडा असला तर माझी ना नाही. पार्सलवर पाठवणाऱ्यांचं नाव दोघांचं लिहा. मला वाचता येत नाही, पण दोन नावं एकापेक्षा लांब दिसतात, तेवढं मला कळतं. आणि पाव कागदात नको, फडक्यात गुंडाळा, म्हणजे कडा वाळत नाहीत. लोणी माझ्याकडे आहे.

आजी